‘जाऊ दे’ म्हणजे क्षमा नव्हे

मैत्रिणींनो, ‘जाऊ दे’ हे शब्द आपण दिवसातून किती वेळा म्हणतो बरं? दूध उतू गेलं, जाऊ दे. सांगितलेली भाजी हे विसरून आले, जाऊ दे. चारचौघांत माहेरावरून टोमणा मारला, जाऊ दे! पहिल्या दोन गोष्टी खरंच जातात. तिसरी मनात राहते आणि चार वर्षांनी भलत्याच भांडणात बाहेर पडते. हे गोंधळतात, “आता हिला झालं तरी काय?”

मनात धरलेला राग शरीरालाही सोसावा लागतो. २००१ साली अमेरिकेतल्या होप कॉलेजात ७१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. दुखावणाऱ्याबद्दलचा राग मनात घोळवताना त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढले. क्षमेचा विचार करताना ते त्यामानाने कमी राहिले.

पण क्षमा करायची म्हणजे गिळून टाकायचं नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या पाटल्या यजमानांनी धाकट्या भावासाठी परस्पर गहाण टाकल्या. आठ दिवस अबोला झाला. मग एका रात्री मुलं झोपल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, “पाटल्यांचं दुःख नाही हो. मला विचारलं नाहीत, हे लागलं.” यजमान म्हणाले, “चुकलं माझं.” पाटल्या सुटायला दीड वर्ष लागलं, पण पुन्हा न विचारता व्यवहार झाला नाही. आणि बाईंनीही तो विषय परत कधी उगाळला नाही. ही खरी क्षमा!

तेव्हा काय लागलं ते स्पष्ट सांगावं, पण वेळ पाहून. जेवणाच्या पानावर किंवा सासूबाईंसमोर नको. एका वेळी एकच गोष्ट बोलावी. ‘तुम्ही नेहमी असेच’ हे वाक्य तर टाळावंच. जैन मंडळी संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून लहानथोर सगळ्यांची क्षमा मागतात. नवराबायकोनं एकमेकांची मागितली, तर त्यात कसला आलाय कमीपणा?

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. मारहाण, शिवीगाळ, पैशासाठी छळ ह्यांना ‘जाऊ दे’ लागू नाही. २०११ साली अमेरिकेतच ७२ नवविवाहित जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लग्नानंतरची पहिली चार वर्षं पाहिल्यावर दिसलं, की जिथे सहज क्षमा मिळत गेली, तिथे जोडीदाराचं दुखावणारं वागणं तसंच चालू राहिलं. जिथे ती सहज मिळाली नाही, तिथे ते कमी होत गेलं. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. त्यात नुसती मारहाणच नाही, तर अपमान आणि पैशाची अडवणूकही येते. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही मिळतो. मदतीसाठी १८१ हा क्रमांक मुलींनाही पाठ करून द्या.

बाकी रोजच्या रुसव्याफुगव्यांचं म्हणाल, तर ह्या आठवड्यात मनात साचलेली एकच गोष्ट निवडा आणि शांतपणे बोलून टाका. मग ती खरोखरच जाईल.