कामापुरती कामगार

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या बायका कारखान्यांत राबल्या आणि त्या कष्टांचे चीज होऊन 1918 साली त्यांना मताधिकार मिळाला, असे सर्रास सांगितले जाते. कायद्यातल्या अटी वाचल्या की हे सांगणे डळमळते. मत मिळाले ते तिशी पूर्ण झालेल्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना. तोफगोळे भरणाऱ्या मुली बहुतेक विशीतल्या होत्या. त्यांच्या वयाला पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला 1928 उजाडले. राबल्या एक आणि बक्षीस मिळाले भलत्यांनाच.

आणि ते राबणे कसले होते? लीड्सजवळच्या बार्नबो तोफगोळा कारखान्यात बहुसंख्य कामगार बायकाच होत्या. एका ठिणगीने घात होईल म्हणून आत जाताना केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवाव्या लागत. टीएनटी हे स्फोटक हाताळून कातडी पिवळी पडे. अशा मुलींना लोक पिवळ्या पक्ष्यावरून ‘कॅनरी’ म्हणत. 5 डिसेंबर 1916 ला रात्रपाळी नुकती सुरू झाली होती. 42 क्रमांकाच्या खोलीत एक गोळा फुटला आणि 35 जणी ठार झाल्या. काहींची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावरूनच पटली. सेन्सॉरमुळे स्फोटाची बातमी दडवली गेली, आणि त्याच खोलीत काही तासांत दुसऱ्या बायका कामाला उभ्या राहिल्या. सैनिकाच्या मरणापेक्षा हे मरण उणे कसे ठरते, हे मला कळत नाही.

युद्ध संपल्यावर या बायकांना कामावरून घरी पाठवले गेले. त्याला चूक म्हटले की येणारा एक आक्षेप रास्त आहे: खंदकातून परतलेल्या माणसाला त्याची जागा मिळायला नको का? जरूर मिळावी. पण बायकांची पाठवणी हा शांततेनंतर उद्भवलेला नाइलाज नव्हता. ती आधीच ठरलेली होती. मार्च 1915 मध्येच सरकार आणि कामगार संघटनांनी करार केला की कुशल कामावर बायकांसह इतरांना घेण्याची सवलत युद्धापुरतीच राहील. 1919 मध्ये कायदा करून तो शब्द पाळला गेला. कामापुरता मामा म्हणतात तो हाच. शिवाय, घरकामाची चाकरी नाकारणाऱ्या बायकांचा बेकारभत्ताही तोडला गेला. सैनिकाला जागा देणे आणि लेथवर हात बसलेल्या बाईला पुन्हा परक्याच्या मोरीवर ढकलणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

बाईचे काम हलके म्हणून मजुरी कमी, असेही म्हटले जाई. लंडनच्या बस आणि ट्राममधल्या बायकांनी ऑगस्ट 1918 मध्ये ते खोडून काढले. तिकिटे तीच, पाळी तीच, प्रवासीही तेच. मग युद्धभत्ता पुरुषांनाच का वाढवला, असे विचारत त्या संपावर गेल्या आणि वाढ मिळवूनच परतल्या. युद्ध चालू होते, त्यांच्यावाचून शहर अडत होते, म्हणून ते जमले. समान वेतनाचा कायदा ब्रिटिश संसदेने केला 1970 साली. त्या संपातल्या विशीच्या कंडक्टरणी तोवर सत्तरी ओलांडून गेल्या होत्या.