कठोर समीक्षा आणि कौतुकाची सवलत

साहित्य समीक्षा अलीकडे फार कठोर झाली आहे, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. प्रेमचंदांच्या ‘कफन’मधल्या चांभार बापलेकाच्या चित्रणावर हिंदीतल्या दलित समीक्षकांनी प्रश्न विचारले, तेव्हाही ‘साहित्यात जात आणू नका’ असा सूर निघालाच.

पण कठोरपणा आजचा नाही. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, ‘बलुतं’ १९७८ साली. भाषा शिवराळ, अनुभव एकसुरी, कला कमी नि प्रचार जास्त, ही शेरेबाजी दलित साहित्याने वर्षानुवर्षे ऐकली. तेव्हा समीक्षेच्या कठोरपणाची चिंता फारशी कुणाला वाटली नाही. म्हणजे खरी तक्रार कठोरपणाची नाहीच. कुणी कुणाशी कठोर व्हावे, याची आहे.

१८८५ साली महात्मा फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले. ते पत्र कठोरच होते, पण त्यामागे कारण होते: शूद्रातिशूद्रांचे हक्क नाकारणाऱ्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार कसा? दुसरीकडे, ‘गोलपिठा’च्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी ते जग आपल्याला अनोळखी असल्याचे कबूल केले आणि शब्दांचे अर्थ थेट ढसाळांनाच विचारले. न कळलेल्यावर निकाल देण्याआधी विचारावे, एवढे तरी समीक्षकाने पाळायला हवे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्यातल्या कुणाचे पहिले पुस्तक आले की आपण फक्त पाठ थोपटतो. दोष दाखवला तर ‘आपल्याच माणसाचे पाय ओढतोस’ असे ऐकावे लागते. आणि एखादी बाई घरातल्या पुरुषी वर्चस्वावर लिहू लागली, की हेच मवाळ वाचक एकदम कठोर होतात.

एका चर्चासत्रात माझ्या निबंधावर शेरा मिळाला, ‘तुमच्या पार्श्वभूमीच्या मानाने चांगलं लिहिलंय.’ टाळ्याही पडल्या. त्या निबंधातला मुख्य युक्तिवाद कच्चा होता, हे मला पुढे स्वतःलाच शोधावे लागले. ते कौतुक म्हणजे मला बरोबरीचा न मानण्याची सभ्य रीत होती.

घरात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्या आपल्याला अशी सवलत नको. पुस्तक पूर्ण वाचा, कुठे चुकले ते पान दाखवून सांगा, आणि तोच काटा सर्वांना लावा. मग समीक्षा कितीही कठोर असो, आम्ही ऐकू. उत्तरही देऊ.