कंपनीची पाटी पाहून वकीलपत्र देऊ नका

जिगाव प्रकल्पात शेत गेलं, समृद्धी महामार्गाच्या मोबदल्यावर समाधान झालं नाही, अपघातात घरचा कर्ता माणूस दगावला, की चार दिवसांत कोणीतरी दारात येतं. हातात फाईल, फाईलवर कंपनीचं नाव. “आमची लीगल फर्म प्रायव्हेट लिमिटेड आहे, सरकारी रजिस्ट्रेशन आहे. आत्ता एक रुपया देऊ नका. रक्कम मिळाली की वीस टक्के द्या. इथे सही करा.” नांदुरा असो की सिंदखेडराजा, माझ्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माझी विनंती आहे: सही करण्याआधी थांबा.

कंपनीची नोंदणी खरीही असेल. पण त्या नोंदणीने कोर्टात उभं राहण्याचा हक्क मिळत नाही. १९६१च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे वकिली करण्याचा अधिकार फक्त सनद घेतलेल्या माणसाला आहे. कायद्याची पदवी घ्यायची, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नाव नोंदवायचं, मगच काळा कोट. आपल्याकडे वकिलांनी वकिलांशी भागीदारी केलेली चालते. वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घेणं मात्र बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. म्हणजे फर्मचं नाव कितीही मोठं असलं, तरी तुमचं वकीलपत्र एखाद्या सनदधारक माणसाच्याच नावाने आणि सहीने दाखल होतं.

ते वकीलपत्र नीट वाचा. त्यावर वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक असतो: आधी एमएएच, मग आकडा, मग नोंदणीचं साल. तो क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि तालुक्याच्या वकील संघात जाऊन विचारा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. मूळ सातबारा, निवाड्याची नक्कल देताना पोच घ्या. फी किती ठरली ते लिहून घ्या आणि दिलेल्या पैशाची पावती मागा.

टक्केवारीबद्दल तर स्पष्टच सांगतो. निकालावर अवलंबून फी ठरवणं, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणं वकिलाला मना आहे. जो पहिल्याच भेटीत नियम मोडतो, तो पुढे तुमचं हित सांभाळेल हा भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? सनद नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कमिशनवर पक्षकार गोळा करणाऱ्या दलालांसाठीही २०२३च्या दुरुस्तीने कायद्यात कलम आलं आहे. त्यांची यादी लावता येते आणि यादीतल्या माणसाने तोच धंदा चालू ठेवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

फसवणूक झाल्यावर ग्राहक आयोगात जाऊ, असं कोणी मनात धरू नये. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला आहे. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे होते. समज देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंतची शिक्षा तिथे होऊ शकते. माणूस वकीलच नसेल, तर सरळ पोलीस ठाणं गाठा.

पैसे नाहीत म्हणून दलाल गाठण्याची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देतात. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांना ठरावीक उत्पन्न मर्यादेच्या आत असल्यास ही मदत मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

तेव्हा गावात कोणी फाईल घेऊन आलं, तर त्याला एकच विचारा: “सनद कोणाची, आणि तिचा नंबर काय?” उत्तर मिळेपर्यंत सही करू नका, आणि शेजाऱ्यालाही करू देऊ नका.