आधी उतरायला शीक!

नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे, व्यायामाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. तीस वर्षं मुलींच्या शाळेत कवायत, लेझीम आणि मनोरे शिकवले. खोड जाणार कशी? यंदा दिवाळीला लेकीकडे, अमेरिकेत न्यू जर्सीला आले आणि चौदा वर्षांच्या नातीनं दारातच जाहीर केलं, “आजी, मी चिअरलीडर झाले!”

माझ्या कपाळाला आठी पडली. आपल्याकडे हा शब्द रुळला तो २००८ साली आयपीएलच्या सामन्यांबरोबर. चौकार गेला की नाचणाऱ्या मुली, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक! नात म्हणाली, “आधी बघ, मग नाक मुरड.”

मुकाट्यानं तिच्या शाळेच्या व्यायामगृहात जाऊन बसले. तिथं कळलं की, या प्रकाराची सुरुवात १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात, फुटबॉलच्या सामन्यात झाली. जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्यानं प्रेक्षकांपुढे उभं राहून त्यांच्याकडून एका सुरात आरोळ्या म्हणवून घेतल्या. म्हणजे पहिला चिअरलीडर पुरुष! मुली त्यात आल्या त्या १९२३ च्या सुमारास. पुढे कोलांट्या आल्या, मनोरे आले आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं या खेळाच्या संघटनेला पूर्ण मान्यताही दिली.

सराव पाहून मात्र माझ्यातली कवायतीची बाई खूश झाली. पहिली दहा मिनिटं उडी नाहीच. जागच्या जागी धावणं, हात फिरवणं, गुडघे उचलणं, अंगाला घाम फुटेपर्यंत. मग हातांचे आकार: मूठ मिटलेली, मनगट सरळ, हात कधी इंग्रजी ‘टी’सारखे, कधी ‘व्ही’सारखे. मग उड्या. खाली येताना गुडघे किंचित वाकलेले, पावलं आधी चवड्यावर टेकलेली. धपकन् आवाज झाला की पुन्हा!

शेवटी मनोरा. खालून उचलणाऱ्या दोघी ‘बेस’, वर चढणारी ‘फ्लायर’, आणि मागं उभी राहून वरचीच्या डोक्यामानेवर नजर ठेवणारी ‘स्पॉटर’. आधी मांडीच्या उंचीवर, ते पक्कं झालं की खांद्याच्या, आणि त्यानंतरच डोक्यावर. खाली जाड गाद्या. केस बांधलेले, कानातलं-हातातलं काढून ठेवलेलं, तोंडात च्युइंगम नाही. आणि शिक्षिकेचा पहिला धडा चढण्याचा नव्हे, उतरण्याचा! चौघींपैकी कुणीही “खाली” म्हटलं की वाद न घालता सगळ्यांनी उतरायचं.

ते पाहताना मला १९७८ सालचं आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. मुलींचा तीन थरांचा मनोरा मी बसवला होता. खालच्या थरातली एक मुलगी सकाळी येऊन म्हणाली होती, “बाई, हात दुखतोय.” मी म्हटलं, “कार्यक्रम झाल्यावर बघू हं.” टाळ्या चालू असतानाच तिचा हात वाकला आणि वरची पोर थेट फरशीवर आली. कोपराचं हाड मोडलं. तिच्या आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तेच अजून बोचतं.

परवा चकल्या पाडायला बसलो होतो. सोऱ्या फिरवताना नातीनं ओठ चावला. मी मनगट धरलं तर तिचे डोळे भरून आले.

“आजी, आईला सांगू नकोस. शुक्रवारी सामना आहे. मला बसवतील गं.”

“तू खालची की वरची?”

“खालची. बेस.”

मी तिला १९७८ सालची सगळी हकीकत सांगितली. आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दुखतंय माझं, पण पडेल ती.” दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच शिक्षिकेला सांगितलं. डॉक्टरांनी मनगट तपासलं. ताण आला होता. दोन आठवडे विश्रांती. शुक्रवारी ती मैदानाच्या कडेला बसली आणि घसा बसेपर्यंत मैत्रिणींना ताल मोजून देत राहिली.

वाचकहो, फराळानंतर तुमच्यापैकी बरेचजण व्यायामाचा संकल्प सोडतील. जरूर सोडा! पण पहिल्याच दिवशी शंभर नमस्कार घालायला जाऊ नका. आधी अंग गरम करा, मग व्यायाम, आणि ताणून धरण्याचे प्रकार शेवटी. आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी घ्या. स्नायू भरून येणं वेगळं आणि सांध्यात कळ येणं वेगळं. कळ आली की थांबायचं. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर गाठायचा. छातीत दुखलं किंवा घेरी आली, तरी तेच.

आणि घरातलं पोर “दुखतंय” म्हणालं, तर “कार्यक्रम झाल्यावर बघू” असं म्हणू नका. तेव्हाच बघा. मी एकदा बघितलं नव्हतं.