देग आणि तवा

गेल्या महिन्यात नाचणगावातील आमच्या ओळखीच्या एक आपा घरी आल्या. त्यांची मुलगी बारावी होऊन संगणकशास्त्राच्या पदवीला लागली आहे. नाचणगाव पुलगावला लागूनच असल्यामुळे ती रोज पुलगाव स्टेशनवरून गाडी पकडून वर्ध्याला जाते. आपांनी दोन वर्षे शिलाई करून भिशीत पैसे जमवले होते. हातात दुकानदाराचा एक कागद होता. त्यावर लिहिले होते : ‘झिऑन सर्व्हर प्रोसेसर, 8 कोअर, 16 थ्रेड.’ जुने पण मोठे यंत्र, आणि किंमत लॅपटॉपपेक्षा कमी.

“भाईजान, लॅपटॉपवाला 4 कोअरच सांगतो. हा 8 देतो, तेही स्वस्तात. मग हाच घ्यावा ना?”

खरे सांगायचे तर क्षणभर आम्हीही ‘घ्या’ म्हणणार होतो. आठ हे चारच्या दुप्पट, हा हिशेब सर्वांनाच पटतो. पण शिलाईच्या पैशांचा मामला होता, म्हणून कागद ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सावकाश पाहिला. जे समजले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू आणि कोअर म्हणजे त्यातील एकेक काम करणारा. लग्नाच्या दावतीचे उदाहरण घ्या. बावर्ची पाच चुलींवर पाच देगा चढवतो आणि शेकडो पाहुणे जेवतात. घरी मात्र तव्यावर एकेक चपाती होते. आता एका माणसाला एकच गरम चपाती हवी असेल, तर पाच चुली पेटवून ती लवकर भाजली जाईल का? एक चपाती पाच चुलींवर भाजत नाही. तिला एकच तवा लागतो, फक्त तो चांगला तापलेला हवा.

सर्व्हरचा प्रोसेसर ही दावतीची देग आहे. बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी राज्यभरातील मुले एकाच वेळी आपला क्रमांक टाकतात. प्रत्येकाचे काम छोटे असते, पण सारी कामे एकदम येऊन धडकतात. रेल्वेचे तिकीट आणि बँकेचे व्यवहारही तसेच. तेथे एक काम किती झटपट झाले यापेक्षा एका वेळी किती कामे उरकली, याला महत्त्व असते.

एक खरी तुलना पाहा. एएमडी कंपनीने 2019 साली आणलेल्या ‘एपिक 7742’ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये 64 कोअर आहेत. त्याचा नेहमीचा वेग 2.25 गिगाहर्ट्झ आणि जास्तीत जास्त 3.4. इंटेलचा 2020 सालचा ‘कोअर आय-5 1135जी7’ हा लॅपटॉपचा प्रोसेसर. त्यात कोअर फक्त 4, पण गरज पडेल तेव्हा तो 4.2 गिगाहर्ट्झपर्यंत धावतो. म्हणजे माणसे कमी, पण एकेकाचा हात चपळ. सर्व्हरच्या प्रोसेसरला 225 वॅटचा हिशेब धरावा लागतो, लॅपटॉपच्या प्रोसेसरला 12 ते 28 वॅटचा. त्यामुळेच एकाला मोठे पंखे आणि थंड खोली लागते, तर दुसरा बॅटरीवर चालतो आणि मांडीवर मावतो.

सर्व्हरचे गुण नाकारायचे नाहीत. तो 8 वाटांनी मेमरीशी बोलतो, लॅपटॉप 2 वाटांनी. सर्व्हरमध्ये 4 टेराबाइटपर्यंत मेमरी बसते. शिवाय त्याची मेमरी स्वतःची बारीक चूक ओळखून दुरुस्त करते. बँकेच्या खात्यात एक आकडा चुकला तर काय होईल, याचा विचार केला की ही सोय का लागते ते कळते. असे यंत्र दिवसरात्र, महिनोन् महिने बंद न पडता चालावे, अशाच हिशेबाने बनवलेले असते.

पुष्कळ लहान हात एकत्र लावण्याची करामत आपल्या राज्याला नवी नाही. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भातलेच, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. एकच प्रचंड प्रोसेसर बनवण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून त्यांना काम वाटून द्यायचे, हा त्यामागचा विचार होता.

पण काम वाटता आले तरच त्याचा फायदा. जीन अमडाल या संगणक अभियंत्याने 1967 साली दाखवलेली गोष्ट साधी आहे : एखाद्या कामाचा निम्मा भाग वाटता येण्याजोगा नसेल, तर कितीही कोअर लावा, ते काम दुपटीपेक्षा जास्त वेगाने होणार नाही. मुलीचा अभ्यास म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे, धड्याचा व्हिडिओ पाहणे, फाइल उघडणे. यातील बहुतेक कामे तव्यावरची आहेत.

आता आपांच्या कागदाकडे वळू. त्यावरचा प्रोसेसर ‘झिऑन ई5-2670’ होता, 2012 सालचा. 8 कोअर खरेच होते. पण वेग 2.6, जास्तीत जास्त 3.3 गिगाहर्ट्झ, आणि बनावट आठ वर्षे जुनी. त्यामुळे त्याचा एकेक कोअर नव्या लॅपटॉपच्या कोअरच्या बराच मागे. त्यात चित्र दाखवण्याची सोय नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत तो नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विजेचे म्हणाल तर 115 वॅटच्या हिशेबाने रोज 6 तास पूर्ण ताकदीने चालवल्यास एकट्या प्रोसेसरचे महिन्याला सुमारे 21 युनिट होतात. लॅपटॉपच्या 28 वॅटला 5 युनिट. शिवाय वीज गेली की यंत्र बंद. आणि ते उचलून मुलगी वर्ध्याच्या गाडीत कशी चढणार?

हे यंत्र कोणाच्याच कामाचे नाही, असे मात्र नाही. लग्नाचे व्हिडिओ तयार करणाऱ्याला किंवा घरीच सर्व्हर चालवायला शिकणाऱ्याला ते स्वस्तात चांगले पडू शकते. दुकानदार खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त आठचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिला होता.

आपांनी शेवटी वापरलेला, पण चांगल्या स्थितीतील लॅपटॉप घेतला. भिशीतले थोडे पैसे उरले. त्यातून मेमरी वाढवून 16 जीबी केली, आणि त्याचा फरक लगेच जाणवला.

वाचकहो, घरात संगणक घ्यायची वेळ आली की कोअर मोजण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रोसेसर कोणत्या सालचा आहे? मेमरी किती, आणि पुढे वाढवता येते का? आत एसएसडी आहे का? आजची विंडोज त्यावर अधिकृतपणे चालते का? आणि पाचवा प्रश्न दुकानदाराला नाही, घरातल्या मुलाला किंवा मुलीला विचारायचा : बेटा, तुला यावर नेमके काय करायचे आहे? त्याचे उत्तर मिळाले की देग घ्यायची की तवा, हे घरातच ठरते.