उंट कुणी बांधायचा?

घरातले काही वडीलधारे हे वाचून नाराज होणार. होऊ देत. हे कुणीतरी कधीतरी लिहायलाच हवं होतं.

आपण मुलांना 'तवक्कुल' शिकवतो. तवक्कुल म्हणजे अल्लावर भरवसा ठेवणं. पण आपण तो अर्धाच शिकवतो, आणि अर्धा शिकवलेला तवक्कुल म्हणजे आळसावर घातलेली हिरवी चादर!

आमच्या कोकणातल्या घरांत मुलाला सौदीला नाहीतर कुवेतला पाठवायचं ठरलं की काय होतं ते आठवा. पासपोर्टसाठी खेपा, एजंटकडे चकरा, मेडिकल, कुणा मामाच्या ओळखीचा माणूस, वेळ पडली तर अम्मीच्या बांगड्या गहाण. त्या वेळी 'नशिबात असेल तर व्हिसा घरी चालत येईल' असं कुणी म्हणतं का? मुळीच नाही.

आता त्याच घरातली मुलगी घ्या. दहावीला चांगले मार्क आहेत, तालुक्याला जाऊन सायन्स घ्यायचंय. आता सगळ्यांना तकदीर आठवते. 'तिच्या किस्मतमध्ये असेल तर होईल, इन्शाअल्ला.' फॉर्मची तारीख निघून जाते. मग उसासा, 'अल्लाची मर्जी.' अहो, फॉर्म भरला नाही आपण, आणि त्याखाली सही मात्र अल्लाची?

माझं भांडण आहे ते इथे. जिथे आपल्याला हातपाय हलवायचे असतात तिथे आपण मेहनतीवर विश्वास ठेवतो. जिथे हलवायचे नसतात तिथे अल्लावर. याला ईमान म्हणत नाहीत, सोय म्हणतात. आणि पोरं आपण काय बोलतो त्यापेक्षा काय करतो ते बघून शिकतात.

मकतबमध्ये सात-आठ वर्षांची पोरं ईमान-ए-मुफस्सल घडाघडा म्हणतात. बरीवाईट तकदीर अल्लाकडून असते, हे त्यात येतंच. पाठांतर पक्कं! पण तकदीर मानायची म्हणजे नेमकं करायचं काय, हे किती ठिकाणी समजावून सांगतात?

खरं तर समजावायला बाहेर कुठे जायला नको. तिर्मिझीच्या संग्रहात उंटाची हदीस आहे. उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असं एकाने विचारलं, तेव्हा पैगंबरांनी त्याला आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितलं. ही हदीस सगळ्यांना ठाऊक असते. पण उंट बांधायची वेळ आली की दोरी सापडत नाही!

622 सालची हिजरत बघा. जायचं होतं मदिनेला, म्हणजे उत्तरेला. पण पाठलाग चुकवण्यासाठी आधी दक्षिणेकडच्या सौर गुहेत मुक्काम केला. अबू बकर यांनी दोन उंटिणी आधीच तयार ठेवल्या होत्या. वाटाड्या पैसे देऊन ठरवला होता, आणि तो मुसलमानही नव्हता. त्याला रस्ता माहीत होता, एवढं पुरेसं होतं. आणि अल्ला आपल्यासोबत आहे हा दिलासा पैगंबरांनी अबू बकर यांना दिला तो गुहेत, ही सगळी तजवीज झाल्यावर.

किंवा खलिफा उमर. इ.स. 639 च्या सुमारास सीरियात प्लेग पसरल्याचं कळलं, तेव्हा ते वाटेतूनच मागे फिरले. अल्लाच्या तकदीरपासून पळताय का, असं अबू उबैदा यांनी विचारलं. उमर यांच्या म्हणण्याचा अर्थ असा होता की मी एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच चाललोय, आणि दोन्ही अल्लाच्याच. सावधगिरीसुद्धा तकदीरचाच भाग आहे, हे मुलांना का सांगत नाही आपण?

'इन्शाअल्ला'चंही तेच. सूरह कहफमध्ये हा शब्द येतो तो उद्या अमुक करीन असं म्हणण्याच्या संदर्भात. म्हणजे आधी करण्याचा निश्चय, मग इन्शाअल्ला. आपल्याकडे मात्र तो 'नाही'चा सभ्य पर्याय झालाय.

यावर काही जण म्हणतील, मेहनत-मेहनत केलं की पोरं गर्विष्ठ होतात, अल्लाला विसरतात. हा मुद्दा मला मान्य आहे. 'ठरवलं की सगळं मिळतं' असं सांगणारी व्याख्यानं आणि क्लासच्या जाहिराती हे दुसरं टोक. नीटला दोन-दोन वर्षं घासून सीट न मिळालेल्या पोराला त्यातून एकच अर्थ कळतो, की मीच नालायक. खरा तवक्कुल लागतो तो निकालाच्या त्या रात्री. तू तुझं काम केलंस, फळ तुझ्या हातात नव्हतं, हे त्याला जवळ बसवून सांगायला हवं. पण ज्याने पुस्तकच उघडलं नाही त्याला तेच वाक्य बक्षीस म्हणून देऊ नका!

मला सगळ्यात आवडतो तो बीबी हाजिरांचा किस्सा. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत त्या सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या धावल्या. पाणी ना सफावर मिळालं ना मरवावर. परंपरा सांगते की झमझम फुटला तो बाळाच्या पायाशी. म्हणून धावणं फुकट गेलं का? हजला जाणारा प्रत्येक जण आजही त्या सात फेऱ्या घालतो, सुमारे तीन किलोमीटर. त्या विधीचं नावच 'सई', म्हणजे प्रयत्न. पाणी कुठून येईल हे अल्लाने ठरवलं, पण त्या बसून राहिल्या नाहीत.

तेव्हा घरातल्या मोठ्यांना एकच विनंती. पोरगी फॉर्म घेऊन आली की दुआ जरूर द्या. पण त्याआधी शेवटची तारीख विचारा, चष्मा लावा आणि सही करा.