३.१० मोठा की ३.९?

दोस्तांनो, आज आधी एक अगदी सोपा प्रश्न. ३.१० आणि ३.९ यांत मोठा कोण?

गणिताच्या तासाला विचारलं तर उत्तर ३.९. कारण ३.१० म्हणजे ३.१, शेवटच्या शून्याला काही किंमत नाही. शाब्बास! पण आता समजा, तुमच्या पुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणात दहा सरावसंच आहेत. ३.८ सोडवला, ३.९ सोडवला. पुढचा कोणता? ३.१०! आणि तो ३.१ तर नक्कीच नाही, तो तुम्ही प्रकरणाच्या सुरुवातीलाच सोडवून मोकळे झालात. म्हणजे इथलं टिंब हे दशांश चिन्ह नव्हेच. ते नुसतं मधलं कुंपण आहे. डावीकडे प्रकरणाचा क्रमांक, उजवीकडे संचाचा.

संगणकाच्या प्रोग्रॅमना आवृत्तीचा जो क्रमांक असतो, ज्याला सगळे व्हर्जन म्हणतात, तो या दुसऱ्या जातीचा. आज आपण पायथन या संगणकाच्या भाषेत हे क्रमांक कुठे लिहिलेले असतात, ते संगणकाकडूनच कसे काढून घ्यायचे आणि त्यासाठी एवढी उठाठेव कशाला, ते पाहू या. (पायथन म्हणजे अजगर, हे खरं. पण या भाषेच्या नावाचा अजगराशी काही संबंध नाही. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती तयार करून १९९१ साली लोकांपुढे आणली आणि नाव घेतलं ते 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून!)

आवृत्ती म्हणजे काय, हे तुम्हांला नवीन नाही. शाळेच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं पाहा. तिथे 'प्रथमावृत्ती' आणि साल छापलेलं असतं, खाली 'पुनर्मुद्रण'. ताईचं जुनं पुस्तक तुम्ही वापरताय आणि मध्येच अभ्यासक्रम बदलला, तर वर्गात काय गंमत होते? बाई म्हणतात "पान बेचाळीस काढा", आणि तुमच्या बेचाळिसाव्या पानावर भलताच धडा!

पायथनच्या बाबतीत ही गंमत फार मुलांच्या वाट्याला येते. २००८ च्या डिसेंबरात पायथन ३ आली आणि भाषेचे काही नियम बदलले. पूर्वी पडद्यावर काही छापायचं तर 'प्रिंट' हा शब्द लिहून पुढे मजकूर लिहिला की झालं. आता मजकूर कंसातच लिहावा लागतो. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली, पण वाचनालयाच्या फळीवरची पुस्तकं काही त्या दिवशी उठून निघून गेली नाहीत. एखादी मुलगी असं पुस्तक घरी आणते, अक्षर न् अक्षर तसंच उतरवते, आणि संगणक चूक दाखवतो. तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. अहो, जमतंय की! पुस्तक एका आवृत्तीचं, संगणक दुसऱ्या आवृत्तीचा, एवढंच.

कंस राहिला तर आजचा पायथन निदान तसं सांगतो तरी. पण सात भागिले दोन करून पाहा. पायथन २ चं उत्तर ३, कारण दोन्ही पूर्णांक असले की ती उत्तराचा अपूर्णांक टाकून द्यायची. पायथन ३ चं उत्तर ३.५. दोघांचीही कुठे कुरकुर नाही, चुकीचा संदेश नाही. प्रोग्रॅम मजेत चालतो आणि उत्तर वेगळं येतं. मला विचाराल तर आरडाओरडा करणाऱ्या चुकीपेक्षा ही गुपचूप चूक जास्त वाईट.

म्हणून पहिला प्रश्न: माझ्या संगणकावर कोणती पायथन आहे? काळ्या खिडकीत, म्हणजे जिथे आज्ञा टाइप करतात तिथे, 'पायथन' लिहा, एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून 'व्हर्जन'. (टाइप करताना सगळं इंग्रजीत आणि लहान लिपीत, बरं का.) लगेच उत्तर येईल. हाच प्रश्न प्रोग्रॅमच्या आतूनही विचारता येतो. 'इम्पोर्ट सिस' ही ओळ लिहायची, मग 'सिस' टिंब 'व्हर्जन' म्हटलं की संगणक एक लांबलचक वाक्य देतो. त्यात आवृत्ती असते, ती कधी तयार झाली ती तारीख असते, आणखीही बरंच काही.

इथेच एक मजेदार घोटाळा झाला होता. बऱ्याच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी विचार केला, एवढं वाक्य कशाला, त्यातली पहिली तीन अक्षरं कापून घेऊ! ३.६ ला ते चाललं. ३.७, ३.८, ३.९ लाही चाललं. मग २०२१ च्या ऑक्टोबरात ३.१० आली. तिची पहिली तीन अक्षरं मोजा बरं. तीन, टिंब, एक. म्हणजे ३.१! ती तर २००९ सालची आवृत्ती. अगदी नवी कोरी पायथन घेतलेल्यांना काही प्रोग्रॅम सांगू लागले, 'तुमची पायथन फार जुनी आहे'!

ज्यांनी कापाकापी केली नाही पण दोन क्रमांकांची शब्दांसारखी तुलना केली, तेही फसले. शब्दकोशात शब्द कसे लावतात? अक्षर अक्षर पाहून. '३.१०' आणि '३.९' शब्द म्हणून लावायला घेतले तर तीन सारखे, टिंब सारखं, मग इकडे एक आणि तिकडे नऊ. एक आधी येतो, म्हणून ३.१० आधीची ठरते. मागचा शून्य कोणी पाहतच नाही.

यावर पायथनमध्येच उपाय आहे. 'व्हर्जन'च्या ऐवजी 'व्हर्जन', खालची रेघ, 'इन्फो' असं विचारा. मग वाक्य न येता वेगवेगळे आकडे हातात येतात: ३ वेगळा, १० वेगळा, पुढचा वेगळा. दहा हा पुरता दहा म्हणून नऊपुढे उभा राहतो आणि अर्थातच जिंकतो.

आता पॅकेजांकडे वळू. पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं तयार काम. चित्रं लहानमोठी करायची आहेत? पॅकेज आहे. आलेख काढायचे आहेत? आहे. पायथनची अशी पाच लाखांहून अधिक पॅकेजेस महाजालावरच्या एका भांडारात ठेवलेली आहेत आणि 'पिप' नावाचा निरोप्या ती तुमच्या घरी आणून देतो. प्रत्येकाची आवृत्ती निराळी, प्रत्येकाचा बदलायचा वेग निराळा.

त्यांची आवृत्ती कशी विचारायची? जुनी रीत अशी, की पॅकेज उघडायचं आणि 'व्हर्जन' हे नाव मागायचं, पण त्या शब्दाच्या पुढेही दोन आणि मागेही दोन खालच्या रेघा मारून. खूप पॅकेजेस उत्तर देतात. पण हा नुसता रिवाज आहे, सक्ती नाही. काही पॅकेजेसच्या आत तसं काही लिहिलेलंच नसतं. संकेतस्थळं बनवायला वापरतात त्या 'फ्लास्क'ने तर २०२३ साली, आपल्या ३.० या आवृत्तीत जाहीर केलं, की हा रिवाज आम्ही आता मोडणार, दुसरीकडे विचारा.

दुसरीकडे म्हणजे कुठे? तुमच्या स्वयंपाकघरातली डब्यांची फळी आठवा. कोणत्या डब्यात काय आहे हे पाहायला आई प्रत्येक डबा उघडून चव घेते का? नाही, डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते. पिप एखादं पॅकेज आणतो तेव्हा त्याच्याबरोबर अशीच एक चिठ्ठी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. तिच्यावर नाव, आवृत्ती, कोणी लिहिलं, आणखी कोणकोणती पॅकेजेस लागतात, असं सगळं असतं. पायथन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून, ही चिठ्ठी वाचायची सोय भाषेतच आहे. तिचं नाव 'इम्पोर्टलिब' टिंब 'मेटाडेटा'. तिच्यातलं 'व्हर्जन' मागवायचं आणि कंसात, अवतरण चिन्हांत, पॅकेजचं नाव द्यायचं. डबा न उघडता उत्तर!

पण एक खोच आहे. शाळेच्या हजेरीत 'वसंत' असलेला मुलगा घरी 'बंड्या' असतो की नाही? पॅकेजांचंही तसंच. चित्रांचं ते पॅकेज भांडारात 'पिलो' आणि प्रोग्रॅममध्ये त्याला हाक मारायची 'पीआयएल'. 'ब्यूटिफुल सूप ४' हे झालं हजेरीतलं नाव, घरचं नाव 'बीएस ४'. चिठ्ठीवर असतं हजेरीतलं नाव. घरच्या नावाने विचारलंत तर संगणक सरळ सांगेल, असं कोणी इथे राहत नाही.

प्रोग्रॅम लिहायचा कंटाळा असेल तर काळ्या खिडकीत 'पिप शो' आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा, नाहीतर 'पिप लिस्ट' लिहून सगळी हजेरीच घ्या. मात्र एकाच संगणकावर दोन-दोन पायथन असू शकतात! पिप एकीचा निरोप्या असतो आणि तुमचा प्रोग्रॅम चालतो दुसरीवर. मग पिप म्हणतो पॅकेज आहे, प्रोग्रॅम म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी 'पायथन', जागा, एक आडवी रेघ आणि 'एम', जागा, 'पिप लिस्ट' असं लिहावं. मग ज्या पायथनला हाक मारलीत तिच्याच घरची हजेरी मिळते.

आता उठाठेव कशाला, ते ऐका. ही गोष्ट पायथनची नाही, जावा या दुसऱ्या भाषेची, पण पॅकेजांचा कारभार तिथेही असाच. तुमच्यापैकी कितीतरी जण 'माइनक्राफ्ट' खेळत असतील. त्याची एक आवृत्ती जावात लिहिलेली आहे आणि तिच्या आत 'लॉग फॉर जे' नावाचं पॅकेज होतं. त्याचं काम अगदी साधं, काय काय घडलं त्याची नोंद ठेवायची. सोसायटीच्या फाटकावरचे वॉचमनकाका वहीत नावं लिहितात ना, तसं. पण २०२१ च्या डिसेंबरात जगाला कळलं, की या वॉचमनमध्ये भयंकर खोट आहे. समजा, कुणी वहीत नावाच्या जागी लिहिलं, 'आधी गच्चीची किल्ली आणून द्या', आणि काका ते नुसतं लिहून घ्यायच्या ऐवजी खरंच किल्ली आणायला गेले तर? इथे तसंच झालं. माइनक्राफ्टमध्ये गप्पांच्या चौकटीत विशिष्ट मजकूर लिहिला, की तेवढ्यानेच दुसऱ्याच्या संगणकात शिरकाव करता येत होता.

आणि हा वॉचमन फक्त खेळात नव्हता. मोठमोठ्या कंपन्या, सरकारी कार्यालयं, सगळीकडे तो नोकरीला. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्याच्या होत्या. २.१५.० मध्ये दुरुस्ती आली, ती अपुरी ठरली, मग २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१, सगळं त्याच महिन्यात! जगभरचे संगणकवाले ऐन नाताळात जागत बसले, आणि त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न तोच होता जो आपण आज विचारायला शिकलो: आपल्याकडे हे पॅकेज आहे का, आणि असेल तर कितवं? उत्तर सोपं नव्हतं. पॅकेजच्या पोटात पॅकेज, त्याच्या पोटात हे. ज्यांनी यादी आधीच करून ठेवली होती, त्यांचं काम लवकर आटोपलं.

सगळेच लोक क्रमांक एकाच पद्धतीने देत नाहीत हेही सांगायला हवं. 'उबुंटू २४.०४' म्हणजे २०२४ चा चौथा महिना. आणि सगळ्यांत लाडका क्रमांक डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन संगणकतज्ज्ञांच्या 'टेक' या प्रोग्रॅमचा. पुस्तकांतली गणितं सुबक छापण्यासाठी त्यांनी तो लिहिला. आवृत्ती ३ नंतर दर दुरुस्तीला ते पायचा एकेक अंक वाढवत नेतात. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक थेट पाय करावा आणि पुढे प्रोग्रॅमला कुणी हात लावू नये, असं त्यांनी लिहूनच ठेवलंय. इथलं टिंब मात्र खरोखर दशांश चिन्ह, गणिताच्या बाई खूश!

आता तुमचा गृहपाठ. खालच्या आवृत्त्या जुनीपासून नवीपर्यंत क्रमाने लावा:

४.०, ३.९.२१, ३.१२, ४.० आरसी १, ३.१०.१, ३.१२.०

दोन सूचना. 'आरसी' म्हणजे प्रकाशनापूर्वीची शेवटची तालीम, नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी होते तशी. आणि पायथनचा नियम असा, की शेवटी टिंब देऊन वेगळ्या घरात शून्य ठेवलं तर आवृत्ती बदलत नाही. यातले दोन क्रमांक म्हणजे एकाच मुलाची दोन नावं आहेत. ओळखलंत का? घरी पायथन असेल तर 'पॅकेजिंग' नावाचं एक पॅकेज आहे, त्यातलं 'व्हर्जन' हीच तुलना अचूक करून देतं. पण आधी कागदावर लावा आणि मगच संगणकाला विचारा. उत्तर पुढच्या अंकात!